गुणवंत काकांचा उघडा फोन

गुणवंत काकांबद्दल लिहून राहिली आहे, तर एक गोष्ट आधीच सांगून टाकते. त्यांच्या फोनची मूळ सिस्टीम काढून लिनक्स मी टाकलं. मी. त्यांनी मागितलंही नव्हतं.

काका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. तीस वर्षं रिछाईच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्त केल्या. रिटायर झाले तरी स्क्रू काढायचा पेचकस खिशातच. गल्लीभरचे मिक्सर, पंखे त्यांच्याकडे येतात आणि त्यांचं एकच म्हणणं, "जे उघडून पाहता येत नाही ना बेटा, ते आपलं नाही. ते आपल्याकडे नुसतं ठेवलेलं आहे."

म्हणून एक दिवस फोनवर भडकले. तो आपल्या मनानेच काहीतरी डाउनलोड करत होता, वर जाहिराती. "काहून रे? मी सांगितलं होतं तुला?" असं फोनलाच विचारत होते. मी कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला, लिनक्सचं भूत डोक्यात. म्हटलं, "द्या इकडे काका. असं करते की हा तुमच्यापासून काहीच लपवणार नाही."

संध्याकाळपर्यंत करूनही टाकलं. कॅमेरा गेला, बँकेचं ॲप गेलं, व्हॉट्सॲप गेलं. काकांना कशाचंच काही नाही. काळ्या स्क्रीनवर कमांड टाकायचे, मग फोनने आत काय काय केलं त्याच्या ओळी सरसर उतरायच्या, आणि हे चष्मा कपाळावर चढवून एकेक वाचायचे. "पाह्य, पाह्य! सगळं कबूल करतो हा!" कमांडा वहीत देवनागरीत उतरवून घ्यायचे.

फक्त बॅटरी. चार तासांत खलास. मग मी सेटिंग बदलली, स्क्रीन बंद झाली की फोन गाढ झोपणार आणि कॉल आला की उठणार. उठायला आठ-दहा सेकंद लागायचे. मी माझ्या फोनवरून लावून पाहिला, थांबली, वाजला. "चलो, झालं काका!" म्हणून पळाली खाली.

विनता आत्याची रिंग मला माहीतच नव्हती.

विनता आत्या म्हणजे काकांची मोठी बहीण. आमच्याच शहरात, गोरखपुर मोहल्ल्यात एकटी. बटणांचा फोन दोरीने गळ्यात, आणि एक आकड्याचं बटण दाबलं की काकांना लागणार, हे काकांनीच करून दिलेलं. दुसऱ्या कोणाचा नंबर तिला लावताच यायचा नाही. रोज देवाजवळ दिवा लावला की ती एक रिंग देऊन कापायची. म्हणजे, मी बरी आहे. दोन रिंगा म्हणजे, ये. पंधरा वर्षं असंच. उचलायचं नाही.

पहिल्याच संध्याकाळी रिंग नाही आली. काका स्कूटर काढून धावले. आत्या दारात उभी, "दिली की मी!" फोन उठायच्या आत तिने कापली होती.

"ताई, आता लांब वाजू देत जा."

"लांब काहून? तू उचलशील ना मग. बोलायचं असलं तर घरी येत जा, गुणा."

काका हसत हसत मला सांगत होते. मी म्हटलं, दोन दिवस द्या, ठीक करते. म्हटलं आणि कॉलेजच्या फेस्टमध्ये घुसली. दोनाचे बारा दिवस झाले. काकांनी एकदाही टोकलं नाही. जुनी सिस्टीम परत टाक, असंही नाही. रोज सातला स्वतःच गोरखपुरला जाऊन यायचे. "या निमित्ताने ताईच्या हातचा चहा तरी मिळून राहिला," म्हणायचे.

तेराव्या दिवशी गेले तर आत्या मोरीत पडलेली. खुब्याचं हाड मोडलेलं, ओठ सुकलेले, फोन मुठीत. काकांना पाहून एवढंच म्हणाली, "किती उशीर केला रे."

नऊ दिवसांनी आत्या गेली.

तेरावं झाल्यावर काकांनी मला वर बोलावलं. मला वाटलं आता ओरडतील. ओरडायला पाहिजे होतं यार. त्यांनी फोन समोर ठेवला. "त्या दिवसाचं काढ. हा तर काही लपवत नाही ना?"

मी लॉग, म्हणजे फोनची आतली नोंद, काढला. कमांड तीनदा चुकली. मग ओळी आल्या. फोन जागा झाला, तोवर कॉल कटलेला, परत झोपला. दुपारचे बारा चौदा. बारा सोळा. बारा तीस. काकांनी वही उघडली आणि म्हणाले, "वाच." मी वाचत गेली, ते लिहीत गेले. म्हणजे तिने लांब वाजूच दिला नाही. प्रत्येक वेळी दोनच रिंगा आणि कट. दोन रिंगा म्हणजे ये, तर दोनच दिल्या.

आणि फोन तेव्हा काकांच्या शर्टाच्या खिशात होता. ते कोणाचा तरी मिक्सर उघडून बसले होते.

"तीन पन्नास," मी म्हटलं.

"पुढे?"

"पुढे नाही काका."

"किती झाल्या?"

"अकरा."

त्यांनी परत मोजल्या, बोट ठेवून ठेवून. अकराच. "तीन पन्नासनंतर तिने सोडून दिलं," म्हणाले, मला नाही, वहीला.

मी म्हटलं, काका, मी जुनी सिस्टीम परत टाकते, आत्ताच, दहा मिनिटांत. त्यांनी फोन उचलून खिशात ठेवला.

"आता कोण देणार आहे रिंग?"