भाऊजींचा ओरखडा

हा माणूस पाण्याचे मीटर तपासायचा. लोक दार उघडून "या, बसा" म्हणायचे आणि याचे डोळे आधी मीटरच्या सीलवर. सील कुणी उचकटलंय का, काटा कुणी अडवलाय का, मागून कुठे चोरटी नळी काढलीय का. आता चोर पकडायचाच ज्याला पगार मिळतो, त्याला घरी आल्यावर साधू कुठून दिसणार? किराणावाल्याचा तराजू खोटा, डॉक्टरच्या गोळ्या खोट्या, शेजाऱ्याचा खोकलासुद्धा खोटा. ऑफिसात त्याला तोंडावर तपासनीस म्हणत आणि पाठ वळली की शंकासूर. हेही त्याला ठाऊक होतं. कोण कोण म्हणतं ते त्यानं हेरून ठेवलं होतं.

शनिवारी दुपारी मात्र हाच माणूस ओळखू यायचा नाही. बाजारामागच्या गल्लीत रेकॉर्डींचं एक अरुंद दुकान होतं. त्याच्या मागच्या खोलीत काही स्टुलं, एक फाटका सोफा आणि मालकानं जिवापाड जपलेला प्लेअर. तिथं जॅझच्या रेकॉर्डी जमवणारी मंडळी गोळा व्हायची. दातांची डॉक्टरीण, एक निवृत्त मास्तर, शिवाय आणखी दोघंतिघं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या माळ्यावर एक नवराबायको चिमुकली कंपनी चालवायचे. बाजारातून नाहीशा झालेल्या जुन्या जॅझच्या रेकॉर्डी शोधून ते पुन्हा काढायचे. त्यातली कुठली घ्यायची आणि कुठली नाही, ते तपासनीस सांगायचा.

"ही घ्या, पण दुसरी बाजू आधी ऐका. पहिल्या बाजूला पियानोवाला अजून कोटच काढतोय." किंवा, "मास्तर, ही तुम्ही नका घेऊ. ड्रमवाला घरी भांडून आलाय, तुमच्या डोक्याला सोसायचं नाही."

मंडळी हसायची आणि मुकाट्यानं पाकिटं काढायची. त्यानं नको म्हटलेली रेकॉर्ड फळीवर धूळ खात पडायची, इतका त्याचा शब्द पक्का. एक गिऱ्हाईक तर दुकानात पाऊलही टाकायचं नाही. तपासनीस जी सुचवेल तिची एक प्रत मालक खाकी कागदात बांधून त्याच्यासाठी बाजूला ठेवायचा. कोण हा, म्हणून विचारलं की मालक म्हणायचा, "आहे एक." झालं! तपासनिसानं ठरवून टाकलं, हा दुसऱ्या दुकानाचा हेर. जगात कुणावर विश्वास न ठेवणाऱ्याच्या शब्दावर लोक डोळे मिटून विसंबायचे. काय म्हणावं याला!

या मंडळींना रेकॉर्डींइतकीच पाठ असलेली आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे तपासनिसाच्या घरची चोरी. त्याच्याकडे एका ट्रंपेटवाल्याची पिवळ्या कव्हरची रेकॉर्ड होती. मोजक्याच निघालेल्या, मिळायची म्हणजे नशीबच लागतं अशांपैकी. ती तो ऐकायचा भाऊजींबरोबर. भाऊजी म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, चष्म्याच्या दुकानाचा मालक. जॅझची गोडी यालाही त्यांनीच लावलेली. एकदा ते प्लेअरचा दांडा घट्ट करत होते आणि हातातला चष्म्याचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर निसटून रेकॉर्डवर पडला. दुसऱ्या बाजूच्या संथ तुकड्यावर ओरखडा उठला. ट्रंपेट थांबतो, खर्जातल्या तारांचा बास एकटाच उरतो, नेमकं तिथंच टक्... टक्-टक्. भाऊजी बिचारे ओशाळले. याला वाटलं, मुद्दाम पाडला.

पुढं याचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. याची बायको याच्यापाशी इस्पितळात, म्हणून घर सांभाळायला ताई आणि भाऊजी येऊन राहिले. हा घरी परतला, अंगात अजून कणकण होती, तरी आधी रेकॉर्डींच्या कपाटाशी गेला. पिवळं कव्हर होतं, आत रेकॉर्ड नव्हती. ताई-भाऊजी तेव्हा निघतच होते. यानं त्यांना जिन्यातच गाठलं.

"भाऊजी, पिशवी उघडा."

वरच्या-खालच्या मजल्यांवरची दारं किलकिली झाली. भाऊजींनी पिशवी उघडली. यानं त्यातला सदरा झटकून पाहिला, टॉवेल उलगडला, चष्म्याची डबीसुद्धा उघडून पाहिली. काही निघालं नाही. "म्हणजे आधीच पोचवली," हा म्हणाला. त्या दिवसापासून ताईनं त्याचं तोंड पाहिलं नाही. भाचीच्या लग्नाचं बोलावणंसुद्धा आलं नाही. हा मात्र दर शनिवारी ती गोष्ट तिखटमीठ लावून सांगायचा, आणि मंडळी मान डोलवायची.

आणि आता एके दिवशी मालकानं त्याच्या हातात कंपनीची नवी रेकॉर्ड ठेवली. तोच ट्रंपेटवाला, तेच पिवळं कव्हर.

"शनिवारी सगळे तुमच्याच तोंडाकडे बघणार," मालक म्हणाला. "आधी घरी नीट ऐका. त्या दोघांनी यात जीव ओतलाय. तुम्ही नको म्हणालात तर कंपनीचं काही खरं नाही."

घरी त्यानं रेकॉर्ड लावली, अर्थात दुसरी बाजू आधी. ट्रंपेट थांबला. बास एकटा चालू लागला. आणि टक्... टक्-टक्.

तो खुर्चीतून उडालाच. "अगं, ऐकलंस? हा भाऊजींचा ओरखडा! माझ्याच रेकॉर्डवरून काढलीय यांनी! सापडला चोर!"

बायको भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "अहो, ओरखडे काय जगात एकच आहेत?"

"हा एकच आहे!"

आता याला कुठलं राहवतंय! दुसऱ्या दिवशी दोन मीटर न बघताच रीडिंग टाकून दिली (नोकरीत असं पाप त्यानं कधी केलं नव्हतं) आणि तडक माळ्यावर पोचला. सगळीकडे पुठ्ठे, डिंक आणि गठ्ठे. कंपनीचा मालक म्हणजे किडकिडीत, हसरा माणूस. त्यानं पुढं येऊन याचे दोन्ही हात धरले. "तपासनीससाहेब! तुम्ही सुचवता म्हणून आमची चूल पेटते हो."

याला ते गोड बोलणं फार संशयास्पद वाटलं. "दुसऱ्या बाजूला टकटक आहे," तो दरडावून म्हणाला.

"आहे की. मूळ टेप कधीच जळाली. एका जुन्या रेकॉर्डवरून काढावी लागली, कव्हरमागं तसं छापलंय. ती टकटक काढू गेलो तर बासचा सूरही जात होता, म्हणून राहू दिली."

"ती जुनी रेकॉर्ड तुम्हाला कुणी विकली? नाव सांगा."

माणूस खो-खो हसत सुटला. "कसलं नाव! जुन्या बाजारातल्या ढिगात सापडली. तीही कशात? थांबा, दाखवतो." त्यानं मागून एक मळकं कव्हर आणलं. पट्ट्यापट्ट्यांचा पोशाख घातलेली एक बाई ओणवी होऊन पायाचे अंगठे धरत होती. घरच्या घरी करायच्या व्यायामाची रेकॉर्ड. "बायकोनं हौसेनं उचलली. घरी येऊन लावली, अंगठे धरायला वाकली, आणि वाजू लागला ट्रंपेट! कुण्या महाभागानं आत काय आहे ते न बघताच फुंकून टाकली असणार."

तपासनिसानं कव्हर हातात घेतलं. उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीचा बारीकसा ठिपका होता. कुणी अदलाबदल केली तर कळावं म्हणून आपल्या प्रत्येक कव्हरवर तो स्वतः असा ठिपका द्यायचा. बायकोलाही ते ठाऊक नव्हतं.

त्याच्या डोळ्यांपुढं सगळं लख्ख उभं राहिलं. इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी, घर आता परक्याच्या हाती जाणार म्हणून त्यानं पिवळ्या कव्हरातली रेकॉर्ड काढली आणि या व्यायामवाल्या बाईच्या कव्हरात लपवली. चोर कितीही बिलंदर असला तरी हिला हात लावणार नाही, असं म्हणून स्वतःवर खूशही झाला होता. मग भूल, मग ताप, आणि ती गोष्ट डोक्यातून पार पुसली गेली. पुढं घराला रंग दिला तेव्हा नको त्या रेकॉर्डी यानंच निवडून जुन्या बाजारवाल्याला दिल्या होत्या. ओणव्या बाईला तर नाक मुरडून.

"साहेब, पाणी आणू का?" माळ्यावरचा माणूस विचारत होता.

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि तो वळसा घालताना माझ्या नणंदेला तुडवून गेलात." एवढं बोलून ती जी रडू लागली, ती त्याला थांबवता येईना. भाचीच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेली साडी कपाटात तशीच घडी घातलेली होती, हे त्याला त्या दिवशी कळलं.

तरी मन म्हणजे मोठं लबाड. शनिवारपर्यंत ते त्याच्या कानाशी गुणगुणत राहिलं. अरे, कुणाला कळणार आहे? तो ओरखडा ओळखणारा तू एकटाच. "टकटक फार आहे, ही नका घेऊ," एवढंच म्हण. रेकॉर्ड फळीवर पडेल, गोष्ट तिथंच मरेल, आणि तुझी इज्जत शाबूत. यात माळ्यावरची दोघं बुडतील, पण त्यांच्याशी आपलं काय नातं? शनिवारी दुकानाची पायरी चढेपर्यंत आपण काय बोलणार, ते त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

खोली भरली होती. पिवळं कव्हर बघून मास्तरांना चेव आला. "अरे वा, चोरीचा माल आला की बाजारात! मेहुण्यांना वाटा मिळाला की नाही?"

सगळे हसले. दरवेळी या हशात तपासनिसाचाही आवाज असायचा. आज त्याला तो हशा तोंडात मारल्यासारखा लागला. त्यानं दुसरी बाजू लावली. ट्रंपेट थांबला. बास आला. टक्... टक्-टक्.

"हे काय?" डॉक्टरीण म्हणाली. "घ्यायची का ही? सांगा ना."

तपासनिसानं सुई उचलली.

"घ्या. ट्रंपेटवाल्यानं पुन्हा असं कधी वाजवलं नाही. आणि ही टकटक माझ्या घरची आहे. ओरखडा भाऊजींच्या हातून पडला, तोही चुकून. रेकॉर्ड मात्र माझ्या हातानं गेली. मीच लपवली, मीच विसरलो आणि मीच भंगारात दिली. चोर कुणी नव्हता. इतकी वर्षं तुम्हाला सांगत आलो ते सगळं खोटं होतं. मास्तर, आता हसायचं तर मला हसा."

कुणी हसलं नाही. मास्तर स्टुलाकडे बघत राहिले. मग डॉक्टरिणीनं उठून एक प्रत उचलली आणि तिच्यामागून एकेकानं.

मंडळी गेल्यावर मालकानं नेहमीसारखी एक प्रत खाकी कागदात बांधली. सुतळीची गाठ मारली आणि पुडकं तपासनिसापुढं सरकवलं. "हे तुम्हीच नेऊन द्या. आजवर सांगायची बंदी होती."

"कुणाला?"

"चष्म्याच्या दुकानात. वर घर आहे. तुम्हाला माहीत आहे की."

तपासनिसानं पुडकं आपल्या पिशवीत घातलं. याचा एवढ्या वर्षांचा हेर तो हा!

चष्म्याच्या दुकानाच्या फळ्या लागल्या होत्या. शेजारच्या जिन्यानं तो वर गेला. दार ताईनं उघडलं. केस पांढरे झालेले, नजर मात्र तीच. त्यानं सांगायला सुरुवात केली. पिवळं कव्हर, ओणवी बाई, ठिपका, भंगार. शेजारचं दार किलकिलं झालं. ताईनं त्याला थांबवलं नाही आणि आतही बोलावलं नाही.

"इतकी वर्षं तू सुचवलेली एकही रेकॉर्ड त्यांनी सोडली नाही," ती शेवटी म्हणाली. "म्हणतात, त्याचा कान खोटं बोलत नाही. कानावर त्यांचा विश्वास आहे. तुझ्यावर नाही."

"ताई, चुकलो गं."

"पिशवी उघड."

त्यानं जिन्यातच पिशवी उघडली. ताईनं एकेक वस्तू बाहेर काढली. त्याचा जेवणाचा डबा काढला आणि झाकण उघडून पाहिला. मीटरवर मारायची बॅटरी काढली. रुमाल काढून उलगडला, झटकला. घाई कसलीच केली नाही. शेजारच्या दारातून बघणारं कुणी आता चक्क बाहेर येऊन उभं राहिलं होतं. तपासनीस खाली मान घालून पिशवीचे दोन्ही बंद धरून उभा होता.

आतून भाऊजींचा आवाज आला, "काय निघालं गं?"

ताईनं खाकी पुडकं काढलं, रुमाल नीट घडी घालून पिशवीत परत ठेवला आणि पदरानं डोळे पुसले.

"तुमची रेकॉर्ड," ती म्हणाली. "आणि ती घेऊन आलेला माझा भाऊ."

आत खुर्ची सरकली.

"त्याला म्हणावं, आत ये. दुसरी बाजू आधी लाव."