कुशीचा तक्ता

समोरच्या सदनिकेत बाळाला न्हाऊ घालतात आणि सकाळी दहाच्या सुमारास पावडरीचा मंद, गोडसर वास माझ्या खिडकीपर्यंत येतो. इतरांना तो नवजाताचा वाटत असेल. मला मात्र तो रुग्णालयातल्या एका लांबट कक्षात नेतो, जिथे मोठी माणसे तान्ह्या बाळांसारखी पावडर लावून कुशीवर वळवली जात. निवृत्तीनंतर लिहू लागलेल्या माणसाने स्वतःच्या पाठीबद्दल लिहावे का, हा संकोच अजून सुटलेला नाही. पण उरलेल्या आयुष्याचे काम मला त्या पाठीनेच दिले.

वारज्याच्या उतारावर स्कूटर घसरली आणि कमरेखालची संवेदना कायमची गेली. जे अंग दुखत नाही, ते दबून दबून सडू लागले तरी कळत नाही. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची आणि पलंगाशी अडकवलेल्या तक्त्यावर तशी नोंद करायची, असा तिथला शिरस्ता. परिचारिका मोजक्याच असल्याने वळवणे आणि लिहिणे ही दोन्ही कामे नातेवाइकांकडे आली होती. माझा तक्ता पत्नी भरी. तिचे अक्षर सुबक आणि मी आयुष्यभर वह्या तपासलेला शिक्षक. सुबक अक्षरावर माझा विश्वास चटकन बसे.

एके दुपारी चाकांच्या करकरीने मला जाग आली. चाकांच्या खुर्चीत एक गृहस्थ. मांजरी गावाकडचे शेतकरी, उसाच्या ट्रॉलीवरून पडून माझ्यासारखेच झालेले आणि आता आपणहून इथल्या रुग्णांच्या पाठी तपासायला येणारे, हे मला पुढे कळले. त्या क्षणी दिसली ती मांडीवरची कापडी पिशवी आणि हातातला छोटा आरसा. गाद्या विकायला आले असतील, की कुण्या बाबाचा अंगारा घेऊन? विचारण्याचे धैर्य नव्हते, म्हणून मी डोळे पुन्हा मिटून घेतले.

त्यांचा संशय तक्त्यावर होता.

"वहिनी, दोनला उजवी कूस लिवलीय. मास्तर तर डावीवर हायती."

"आत्ताच डोळा लागलाय हो त्यांचा," पत्नी पुटपुटली.

"आत्ताच?"

"सकाळी," ती म्हणाली. "चार दिवसांनी झोपलेत. उठवायला जीव होईना."

"मग लिवायला कसा झाला?"

आपल्याच माणसावर संशय येण्याची माझी ती पहिली वेळ, आणि तीही त्याच्या मायेपायी.

दोघांनी मिळून मला वळवले, आरसा धरला. डाव्या खुब्याच्या हाडावर चिंचोक्याएवढा लाल डाग होता. गृहस्थांनी बोट दाबून उचलले. लाली हटली नाही.

"आज लाल हाय, उद्या फुटंल. माझा फुटला. आठ महिनं पालथा पडून काढलं म्या. या कुशीला आता टेकायचं न्हाई."

पत्नी रडली. डाग मात्र आठवड्याभरात ओसरला.

शिक्षकांच्या खोलीत ज्याचा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता, त्या मी मुख्य परिचारिकेला अर्ज लिहिला: रुग्णाने आरशात स्वतः पाहावे, नंतरच तक्त्यावर नोंद व्हावी. त्या म्हणाल्या, "सर, अर्ज उत्तम. फक्त आरसा दुसऱ्या पानावर येतो. तोवर रुग्ण बरा होऊन घरी जाईल." पण पंधरवड्यात प्रत्येक पलंगाला आरसा लटकला. मला घरी सोडल्यानंतरही दर मंगळवारी मी त्या कक्षात जाऊ लागलो. आजही जातो, तक्ते वाचतो आणि पाठी पाहतो. ज्या तक्त्यात एकही खाडाखोड नसते, तिथे अधिक वेळ थांबतो.

घरी आजही दुपारी पत्नी मला वळवते, पाठ निरखते आणि सांगते, "काही नाही, स्वच्छ आहे." त्या दिवसानंतर ती कधी खोटे बोललेली नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. तरीही ती स्वयंपाकघरात गेली की मी आरशात चोरून पाहत असे. आता माझी दृष्टी अधू झाली, तिचे खांदे आखडले; संशय तेवढा तरुण राहिला. हल्ली आरसा तीच धरते. मी नीट पाहून होईपर्यंत, खांदा ठणकू लागला तरी, आरसा खाली घेत नाही.