सातही दिवसांचं जेवण

आमच्या शाळेची बस चालवणारी लोरेटा तिच्या पोराच्या, कोल्टनच्या कॉलेजात जेवणाचा प्लॅन ठरवायला गेली, तेव्हा मीही सोबत होते. खिडकीतली मुलगी म्हणाली, "पाच दिवसांचा घ्या. शनिवार-रविवार मुलं घरी पळतात."

"सातही दिवसांचा दे."

"अहो, आईच्या हातचं खावंसं वाटेल की त्याला."

"आईच्या हातचं खायला येतो आणि बापाच्या हातचा मार खातो," लोरेटा म्हणाली.

मुलीला तो विनोद वाटला. कोल्टन आईला सोडवायला मध्ये पडायचा, हे मला माहीत होतं.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत कॉलेजची मेस बंद असते, हे मेल्यांनी सांगितलंच नाही. कोल्टन घरी आला, याही वेळी मध्ये पडला आणि जिवानिशी गेला.

उरलेल्या जेवणांचे पैसे परत मिळत नाहीत, हे मात्र त्यांनी लगेच कळवलं.