भास्करराव डब्यात बसले

आमच्या गावची बंद पडलेली छोटी रेल्वे आम्ही हौशी मंडळींनी झुडपं तोडून, रूळ घासून पुन्हा सुरू केली. आता दर रविवारी ती पुढच्या स्टेशनापर्यंत जाऊन येते. इंजिन चालवायचे निवृत्त ड्रायव्हर भास्करराव. कोळसा टाकायला शाळेतल्या सुनंदाबाई, आणि डबे झाडायला मी.

परवा सुटायची वेळ झाली तरी गाडी हलेना, म्हणून मी पुढे गेलो.

"बाई, सिग्नल पडलाय का?" भास्करराव विचारत होते.

सिग्नल समोरच होता आणि गाडी सोडायला केव्हाच पडला होता. बाईंनी सिग्नलकडे आणि मग त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. भास्कररावांना कळलं. त्यांनी फडक्याला हात पुसले.

"आजपासून तुम्ही चालवा. तुम्हाला येतं सगळं."

ते उतरले आणि माझ्याबरोबर मागे डब्यात येऊन बसले. गाडी जराशा धक्क्याने सुटली. त्यांचा हात नकळत पुढे झाला आणि पुन्हा मांडीवर आला. ही गाडी जपायची म्हणजे तिला धरून ठेवायची, असंच मी आजवर समजत होतो.

पुलावर ते खिडकीशी सरकले.

"खाली पाणी वाहतंय का हो?"

"हो, ओढा आहे."

"इंजिनात याचा आवाज कधी आलाच नाही," ते म्हणाले, आणि पूल संपेपर्यंत ऐकत राहिले.