तेल की विंचू

चेन्नईत मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर तो उन्हाचा नाही, रिक्षावाल्यांचाही नाही. ‘पावम्’ ह्या शब्दाचा. पावम् म्हणजे बिचारी. लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून माझा डावा पाय बारीक आहे. बसच्या उंच पायरीशी मी जराशी अडखळले, की आतून कुणीतरी ‘पावम्’ म्हणायचंच. लोक मनापासून उठून जागा द्यायचे आणि मी मनापासून चिडायचे. बरं, चांगुलपणावर उघड चिडताही येत नाही.

म्हणून ती पिकअप आली. नवरा मोटारींच्या कारखान्यात होता, पण रंगाच्या विभागात. गाडीच्या पोटातलं त्याला माझ्याइतकंच कळायचं. तिथला एक परदेशी इंजिनियर मायदेशी परतताना आपली जुनीपुराणी गाडी विकत होता. मागे सामानाचा उघडा हौदा, खाऱ्या वाऱ्याने ठिकठिकाणी गंजलेला पत्रा, आणि ऑटोमॅटिक! क्लच नाहीच. ब्रेक उजव्या पायाने, वेग उजव्या पायाने. त्या गाडीत कुणाच्याच डाव्या पायाला काम नव्हतं.

मी शिकले. तिरुवान्मियूरच्या भाड्याच्या घरापासून मैलापूरच्या ऑफिसपर्यंत ते धूड रोज घेऊन जायला लागले. रविवारी चेन्नईजवळच्याच कोवलमला जाऊन ताजी मासळी आणायची, ती वर राहणाऱ्या घरमालकीणबाईंना वास लागू न देता शिजवायची. त्या पक्क्या शाकाहारी. मी त्यांना अम्मा म्हणायचे. त्या माझ्या गाडीला ‘लॉरी’ म्हणत आणि लॉरीत आपण जन्मात बसणार नाही असं बजावत. मी मात्र त्या उंच सीटवर राणीसारखी खूश असायचे. तिथे बसलेल्या बाईला कुणी पावम् म्हणत नाही.

आणि मग रिव्हर्स रुसला. गिअरचा दांडा मागे ओढला तरी गाडी जागची हलेना. बऱ्याच वेळाने धक्का देऊन एकदम मागे सरकायची. एका संध्याकाळी ऑफिसच्या आवारात तर ती हललीच नाही. शिपायांनी आणि दोन कारकुनांनी ढकलत बाहेर काढली, आणि ढकलता ढकलता मागून कुणीतरी म्हणालंच, ‘पावम्!’ घरी येऊन मी रडले. गाडी गेली तर मी परत त्या बसच्या पायरीशी, हे मला स्वच्छ दिसत होतं.

गिअरबॉक्समधलं तेल तपासायच्या पट्टीवर काळपट काहीतरी आलं, करपलेल्या फोडणीच्या वासाचं. तेल बदलायला हवं हे आम्हालाही कळलं. पण दोन मेकॅनिकांनी हात लावायला नकार दिला. त्यांचं म्हणणं एकच : इतकी वर्षं न बदललेलं तेल आता काढलंत, तर आहे तेही गिअर धरायचे नाहीत. जुन्या घाणीवरच गाडी चालली आहे.

“म्हणजे आंघोळ घातली की म्हातारी मरणार?” नवरा म्हणाला. “मीच बदलतो.”

“आणि मेली तर?”

“नाही बदललं तरी मरणारच आहे की!” मी तेल धरायला जुनी परात काढून दिली.

रविवारी सकाळी त्याने पुढची चाकं ठोकळ्यांवर चढवली, मागच्यांना दगड लावले आणि खाली शिरला. मी बाजूला पाट टाकून बसले. तेलाच्या पसरट पॅनचे बोल्ट एका बाजूने हळूहळू सैल करायचे असतात. आमच्या रंगाऱ्याने सगळेच सैल केले. पॅन कलंडला, आणि काळं तेल परातीबाहेर धो धो वाहत अम्मांच्या रांगोळीकडे निघालं.

“तेल! अरे तेल! तेल आलं!” मी जिवाच्या आकांताने ओरडले.

वरून धाडधाड पावलं आली. अम्मा, हातात केरसुणी. “एंगे? एंगे?” म्हणजे कुठे, कुठे? मला काही सुचायच्या आत त्यांनी गाडीखालून बाहेर आलेला नवऱ्याचा पाय धरला आणि त्याला फरफटत ओढायला सुरुवात केली. तमिळमध्ये ‘तेळ्’ म्हणजे विंचू, हे मला तेव्हा आठवलं.

“तेळ् इल्ले, अम्मा! एण्णै! एण्णै!” विंचू नाही, तेल हो, तेल!

अम्मांनी पाय सोडला. नखशिखान्त तेलाने माखलेल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि मट्कन खाली बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्याच केरसुणीने तेलावर वाळू पसरायला लागल्या.

नवऱ्याने नवा फिल्टर बसवला, पॅन लावला. बरंचसं जुनं तेल आतच अडकून राहतं, एका दमात सगळं निघत नाही, म्हणून तो खट्टू झाला होता. मला उलट बरंच वाटलं. विरजणापुरतं जुनं राहू दे की, मी म्हटलं. नवं तेल कोकमाच्या सरबतासारखं लालभडक होतं. ते ओतलं, गाडी खाली उतरवली, इंजिन चालू ठेवून पट्टीवर पातळी पाहिली. ठीक होती.

मी आत बसले. तेवढ्यात दुसरीकडचं दार उघडून अम्मा चढल्या. विंचू नव्हता तरी देवाच्या कानावर घातलेलं बरं, मैलापूरच्या देवळात सोड, म्हणाल्या. गाडीचं तोंड घराकडे होतं. रिव्हर्स लागला नाही तर देऊळच काय, फाटकही दूर होतं.

दांडा ओढला. डोळे मिटावेसे वाटले, पण मिटले नाहीत.

गाडी लगेच, अलगद, लोण्यासारखी मागे सरकली. मी मोठ्याने हसले, किंवा रडले. अम्मांनी माझा खांदा थोपटला एवढं खरं. फाटकाबाहेर येऊन मी गाडी वळवली आणि निघाले. काळाकुट्ट नवरा हात हलवत मागून धावत आला. “अगं थांब! तेल! अजून एकदा तेल बघू दे!”

मी थांबले नाही. अम्मांनी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि म्हणाल्या, “पावम्.”