दोन मोठ्या गाड्या आणि मागच्या बाकाचं कोरं पान

मोठी, तीन रांगांची गाडी घ्यायची आहे, दोन पसंत पडल्यात, कुठली घेऊ? हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं. मी गाड्यांची तज्ज्ञ नाही. पण असल्या दोन गाड्यांची समोरासमोर परीक्षा घेताना मी एकदा हजर होते, आणि ती परीक्षा बंगळूर ते दावणगेरे आणि परत अशी पाचशेवीस किलोमीटर चालली होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. गाड्या आता बंद झाल्या, रस्ताही ओळखू येणार नाही. तरी वाचा, उपयोग होईल.

मी तेव्हा पुण्याहून नोकरीसाठी आले होते आणि बनशंकरीत अण्णा-अक्कांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. हे घराणं तीनेकशे वर्षांपासून इकडचं. घरात मराठी, पण भांडण निम्मं कन्नडमध्ये. अण्णा सरकारी बसवर तीस वर्षं ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन चारेक वर्षं झाली होती. सर्जापूर रोडला त्यांची वडिलार्जित जमीन होती, ती विकली. तिकडे शेतात जाऊन कोण राहणार, असं मीच त्यांना म्हणाले होते. आता तिथे जमिनीला सोन्याचा भाव आहे, आणि माझ्या दूरदृष्टीचा हा पुरावा अण्णा अजून पाहुण्यांना सांगतात.

गाडी हवी होती अक्कांसाठी. त्यांचं माहेर दावणगेरेच्या अलीकडे, भरमसागरच्या पुढे, हमरस्त्यावरून आत सात-आठ किलोमीटरवर. आई ऐंशीच्या पुढची. आणि अक्कांची पाठ गेलेली. बसचा प्रवास डॉक्टरांनी बंद केला होता, त्यामुळे चार वर्षं आईची भेट नव्हती. अक्का धक्का न लागता आईपर्यंत पोचल्या पाहिजेत, एवढीच अट. मग तीन रांगा कशाला? हे मी विचारलं होतं. अण्णा म्हणाले, "दहा माणसं बसत नाहीत तिला गाडी काय म्हणायचं?"

यशवंतपूरला अण्णांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा गाड्या भाड्याने द्यायचा धंदा होता. त्याच्याकडे दोन्ही गाड्या होत्या. पांढरी घेऊन जा, हिरवी लग्नाचं वऱ्हाड सोडायला दावणगेरेला गेली आहे, ती घेऊन या, असं ठरलं. ड्रायव्हर नको, अण्णाच चालवणार. डिझेल आपलं. वहीत मार्क लिहायला एक शिकलेलं माणूस हवं म्हणून मला घेतलं. दोन्ही गाड्यांना कंपनीच्या नावाने ओळखत होतो, पण इथे लिहीत नाही. कंपन्या मोठ्या आहेत आणि मी लहान.

पहाटे साडेपाचला निघालो. पांढरी उंच, चौकोनी, दणकट. मागे समोरासमोर दोन आडवे बाक, म्हणजे बसणाऱ्याचा खांदा रस्त्याकडे. अण्णा आरसे पुसत होते. तेवढ्यात अक्कांनी मागचं दार उघडलं, नारळांची पिशवी आत टाकली आणि स्वतःही चढून मागच्या बाकावर बसल्या.

"अगं, तिथं कुठं? पुढं ये," अण्णा म्हणाले.

"सवय हो. राहू द्या."

ही सवय मला वाटेत कळली. अण्णांच्या वेळच्या ड्रायव्हरांची आपापसात एक रीत होती. घरचं माणूस आपल्याच बसने निघालं तर त्याने तिकीट काढायचं आणि शेवटच्या रांगेत बसायचं. बायकोला पुढची जागा दिली असं कुणी म्हणायला नको. अण्णा ही रीत इमानाने पाळत. तीस वर्षं अक्का माहेरी गेल्या त्या नवऱ्याच्याच बसने, मागच्या चाकांच्याही मागे बसून.

त्या दिवशी अण्णांनी हट्टाने त्यांना पुढे आणलं. यशवंतपूरच्या बाजारापाशी कांद्याच्या लॉऱ्यांमध्ये अर्धा तास गेला, मग रस्ता मोकळा झाला. मोकळा म्हणजे तेव्हाच्या मानाने, कारण दुभाजक नव्हताच. एक लॉरी दुसरीला ओलांडत सरळ आपल्या अंगावर यायची आणि शेवटच्या क्षणी आत वळायची. अण्णा निवांत. अक्कांचे दोन्ही पाय मात्र पुढच्या पत्र्यावर ब्रेक दाबत होते.

"तुम्ही रोज हे बघत होता?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"हे. समोरून येणारं."

"डोळे मिटून चालवता येत नाही बस," अण्णा म्हणाले, आणि मला वहीत ब्रेकला दहापैकी आठ लिहायला सांगितलं.

तुमकूरच्या अलीकडे क्यात्संद्राला थांबलो. इथली तट्टे इडली ताटलीएवढी असते, वर लोण्याचा गोळा. दोन खाल्ल्या की दुपारचं जेवण रद्द करावं लागतं. तिघांचं पोट कॉफीसकट पन्नासच्या आत भरलं. हात धुऊन आलो तर अक्का परत मागच्या बाकावर.

"पुढं जीव घाबरतो माझा," त्या म्हणाल्या. "इथं बरं आहे. काही दिसत नाही."

अण्णा चिडून स्टिअरिंगमागे जाऊन बसले. मी मधल्या रांगेत बसले.

शिरा गावाजवळ गंमत झाली. बसथांब्यापाशी एका बाईने हात केला आणि अण्णांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. तीस वर्षांची सवय, दुसरं काय. तेव्हा असल्या मोठ्या गाड्या वडाप म्हणूनही चालत, त्यामुळे बाईलाही काही वावगं वाटलं नाही. मागचं दार उघडून, अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांची पाटी घेऊन ती अक्कांच्या समोर बसलीसुद्धा.

"हिरियूर किती?" तिने कन्नडमध्ये विचारलं.

अण्णांना नाही म्हणता येईना. "बसा, बसा. तिकीट नाही," ते म्हणाले. बाई घाबरली. फुकट नेणाऱ्या गाडीत बसायचं की उतरायचं, हे तिला ठरवता येईना. अक्कांनी तिची पाटी पायाशी ओढून घेतली आणि तिला बसायची पद्धत शिकवायला लागल्या. तळहात बाकावर रोवायचे, हंप आला की स्वतःला स्वल्प उचलायचं, दात मिटायचे. मी वळून बघत होते. दर स्पीडब्रेकरच्या आधी अक्का मनगटांवर बोटभर वर व्हायच्या. बाक आडवा, पडदे ओढलेले, रस्ता दिसत नव्हता.

"अक्का, तुम्हाला आधी कसं कळतं?"

"हे गिअर बदलतात ना, त्यावरून. हंपाला एक आवाज, खड्ड्याला निराळा. वळणाला तर श्वाससुद्धा ऐकू येतो यांचा."

अण्णांनी ऐकलं असावं, कारण पुढचे दहा किलोमीटर त्यांनी फारच सांभाळून गिअर बदलले. हिरियूरला बाई उतरली आणि ओंजळभर शेंगा ठेवून गेली.

पण चित्रदुर्ग सोडलं तेव्हा अक्कांचा चेहरा उतरला होता. हमरस्ता सोडून आत वळल्यावर तर त्यांनी डोळेच मिटून घेतले. माहेरच्या दारात गाडी उभी राहिली आणि त्यांना सरळ होता येईना. मी आणि त्यांच्या भावजयीने धरून उतरवलं. आई ओट्यावर उभी होती. चार वर्षांनी लेक आली ती कमरेत वाकून. मला ते बघवलं नाही, मी पिशव्या काढायच्या निमित्ताने गाडीमागे गेले.

आईने तेल कोमट करून लेकीची पाठ चोळली. अक्का पालथ्या पडल्या होत्या. अण्णा आणि मी बाहेर कट्ट्यावर वही घेऊन बसलो होतो, आणि आतलं बोलणं आम्हाला स्पष्ट ऐकू येत होतं.

"एवढं दुखतं तर येत जाऊ नको गं," म्हातारी म्हणाली. "फोनवर बोलू. मला चालतं."

अण्णांनी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथेच राहिलो. चालीरीतीप्रमाणे ज्वारी, दोन भोपळे आणि एक कोंबडा मिळाला. कोंबडा अण्णांनी हात जोडून परत केला. दावणगेरेला जाऊन पांढरी दिली, हिरवी घेतली आणि बेण्णे डोसा खाल्ला. दावणगेरेला जाऊन हा डोसा न खाता परतणाऱ्यांबद्दल मला काही बोलायचं नाही. लोणी बोटांवरून मनगटाकडे ओघळतं, सोबत नुसता बटाटा आणि पांढरी चटणी. रुमाल न्या.

हिरवी म्हणजे थाट. थंड हवा, एका बोटाने वळणारं स्टिअरिंग, खाली गालिचा. तिसरी रांग पुढे तोंड केलेली, एकच लांब बाक. अण्णांनी चित्रदुर्गपर्यंत चालवली आणि मार्क भराभर सांगितले. इंजिन नऊ, वळणं आठ, ब्रेक नऊ. गाडी त्यांना आवडली होती, लपत नव्हतं. मधल्या रांगेत भोपळे आणि ज्वारी ठेवली होती, कारण मागे ठेवली तर घरंगळतील असं अण्णांचं मत. अक्का अर्थातच मागे.

चित्रदुर्गला चहाला थांबलो. मी वही चाळली आणि पुणेरी स्वभावाला धरून बोलले, "अण्णा, मागच्या बाकाचं पान कोरं आहे. दोन्ही गाड्यांचं."

"ते अक्का सांगेल. ती बसलीय."

अक्का पेला खाली ठेवत म्हणाल्या, "मी तीस वर्षं बसले. आता तुम्ही बसून सांगा. चालवू दे वृंदाला."

वृंदा म्हणजे मी. माझा अनुभव म्हणजे बाबांची छोटी गाडी, कोथरूड ते डेक्कन. अण्णांनी माझ्याकडे, मग गाडीकडे बघितलं. "सरी," म्हणजे बरं, म्हणाले आणि मागे चढले. अक्का माझ्या शेजारी बसल्या. हिरियूर चाळीस किलोमीटर.

पहिले दहा किलोमीटर मागून सूचना आल्या. क्लच. हॉर्न. लॉरीला जाऊ दे. मग रस्ता उखडलेला लागला. मी अण्णांसारखे गिअर बदलत नव्हते, त्यामुळे त्यांना आधी काही कळायचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक खड्डा सरळ बाकातून वर जात होता. एकदा डोकं छताला आपटल्याचा आवाज आला. आरशात बघितलं तर अण्णांनी दोन्ही हातांनी पुढची सीट धरली होती, गुडघे हनुवटीशी. सूचना बंद झाल्या होत्या.

अक्का वळून म्हणाल्या, "तळहात रोवा. स्वल्प उचला स्वतःला."

हिरियूरला गाडी थांबवली. अण्णा दार धरून उतरले आणि कमरेवर हात ठेवून बराच वेळ रस्त्याकडे बघत उभे राहिले. मग अक्कांना म्हणाले, "कधी बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? उतरल्यावर तुम्ही दमलेले असायचात."

अण्णांचे डोळे भरले. त्यांनी ते लपवले नाहीत, आणि मलाही वहीत तोंड घालायला फार उशीर झाला होता. मग ते मला म्हणाले, "लिही. मागचा बाक, शून्य."

"पांढरीत मागे तर तुम्ही बसला नाहीत."

"दोन्हींना शून्य लिही."

मग त्यांनी भोपळे आणि ज्वारी उचलून मागे ठेवली, मधल्या रांगेत डाव्या खिडकीशी चादरीची घडी पसरली आणि अक्कांना तिथे बसवलं. तिथून निम्मा रस्ता दिसतो आणि चालवणाऱ्याचा खांदा दिसतो. अक्का घाबरल्या नाहीत. तुमकूरपर्यंत झोपल्यासुद्धा. मी मागे गेले, भोपळ्यांजवळ. तळहात रोवून, गिअरचा आवाज ऐकून उठायचा प्रयत्न केला, पण दर वेळी मागाहून उठले. बनशंकरीला पोचेपर्यंत अंग ठणकत होतं. मला एका दिवसात एकही आवाज ओळखता आला नाही.

महिनाभराने अण्णांनी हिरवीसारखीच नवी घेतली. घेतली त्याच आठवड्यात यशवंतपूरच्या गॅरेजमध्ये नेऊन तिसरा बाक खोलून काढला. मिस्त्री म्हणाला, विकताना भाव पडेल. अण्णा म्हणाले, विकणार कोण आहे? तो बाक त्यांच्या पोर्चमध्ये भिंतीशी ठेवला, चपला घालायला. नव्या पाहुण्याने त्यावर ऐसपैस बसून छान आहे म्हटलं की अण्णा त्याला तुसडेपणाने दुसरी खुर्ची देतात.

तेव्हा कुठली घेऊ, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर एवढंच. विकत घेणाऱ्याने आधी स्वतः शेवटच्या रांगेत बसावं, किमान चाळीस किलोमीटर, खराब रस्त्याने. पुढे बसून दिलेल्या मार्कांवर माझा आता विश्वास नाही.

नवी गाडी पहिल्यांदा माहेरच्या वाटेला लागली ती सकाळ मला आठवते. मी वरच्या गॅलरीत होते. अक्का मधल्या रांगेत, पाठीला उशी, मांडीवर आईसाठी घेतलेली साडी. गल्लीच्या टोकाला स्पीडब्रेकर आहे. त्याच्या अलीकडे अण्णांनी गिअर बदलला. नव्या गाडीत स्वतःला उचलायची काही गरज नव्हती, तरी मागच्या काचेतून मला दिसलं, अक्का बोटभर वर झाल्या होत्या.