आमच्या फाट्याचा थांबा

भंडारा-वरठी रस्ता रुंद झाला, कडेनं बससाठी वेगळी पट्टी आखली गेली, तेव्हा गावात सगळ्यात जास्त नाचलो तो मी. नव्या बसगाड्या होत्याही देखण्या. फक्त आमच्या फाट्यावर त्या थांबायच्या नाहीत. जुन्या लाल गाडीला हात दाखवला की ती उभी राहायची. या नव्या गाड्या हाताला जुमानत नव्हत्या.

वहिनी भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात नर्स, घरातली पहिली नोकरीवाली. नवा थांबा पुढच्या गावात, पायी अर्धा तास. दोनदा उशीर झाला. डॉक्टरांनी बजावलं, तिसऱ्यांदा झाला तर येऊच नका.

माझं डोकं तापलं. बसच्या ऑफिसात जाऊन तिथल्या साहेबांशी तावातावानं भांडलो. ते एवढंच म्हणाले, "नकाशात तुमचा फाटा नाही." घरी येऊन मी पुन्हा आदळआपट केली.

"भाऊजी, भांडून काय होते?" वहिनी म्हणाली. "ज्याच्या हाती गाडी, त्यालेच विनवून पाहू."

पत्र्याच्या तुकड्यावर तिनं लाल रंगात आधी भलंमोठं 'थांबा' लिहिलं. खाली 'कृपया' लिहायचं होतं, पण डब्यातला रंगच संपला. सकाळी तो पत्रा बांबूला बांधून तिनं रस्त्याकडेला रोवला. बस आली आणि चक्क उभी राहिली! ड्रायव्हरला वाटलं, नवा थांबा मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी पाठोपाठच्या गाड्याही थांबल्या. आठवडाभरात कॉलेजच्या पोरी, कारखान्याचे कामगार, सगळे तिथंच रांग लावू लागले.

मग एक दिवस तेच साहेब जीपमधून उतरले. "हा थांबा कोणी मंजूर केला?"

मी बाह्या सरसावल्या. वहिनी मला मागे सारून पुढे झाली.

"साहेब, मी कायले थांबा मंजूर करू? मी तं डायवरले 'थांबा' म्हणून विनंती केली. तो बिचारा थांबला."

साहेबांना हसू आवरेना. त्यांनी रांगेकडे पाहिलं, नकाशा उघडला आणि पेनानं आमच्या फाट्यावर टिंब काढलं. मी सरसावलेल्या बाह्या हळूच खाली केल्या.

वहिनीची नोकरी टिकली. पुढे सरकारी निळी पाटी लागली, तेव्हा तिनं तो पत्रा घरी आणून दाराला आतून ठोकला. आजही कुणावर तरी चिडून तरातरा बाहेर निघालो की तो समोर येतो. मी थांबतो.